‘सगळं हेच बघतात’

पत्र :

मी एकसष्ट वर्षांची आहे. दोन महिन्यांनी मी आणि हे, दोघंच, पहिल्यांदा परदेशात निघालोय. तीन देश, जवळपास तीन आठवडे. टूरबरोबर नाही, सगळं यांनीच ठरवलंय. तिकिटं, हॉटेलं, पैसे सगळं हेच बघतात, सगळं यांच्या फोनमध्ये आहे. यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, रात्री झोपेची गोळी लागते. मुलगा रोज एक नवा व्हिडिओ पाठवतो. कुठे खिसेकापू, कुठे तोतये पोलीस, कुठे हॉटेलात चोरी. त्याने यादीही पाठवली आहे : पैशांचा पट्टा, दाराला लावायचा अलार्म, पेपर स्प्रे (डोळ्यांत मारायचा तिखटाचा फवारा). हे म्हणतात, काही होत नाही, एवढे लोक जातातच ना. मला मात्र झोप लागत नाही. काय घ्यावं, कशाची काळजी करावी आणि कशाची सोडून द्यावी?

उत्तर :

ताई, मुलाच्या यादीपासून सुरुवात करते, कारण ती लवकर संपते. पेपर स्प्रे घरीच राहू दे. विमानात तो हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, सामानात टाकलेलाही बहुतेक कंपन्यांना चालत नाही. आणि ब्रिटनसारख्या देशात तो जवळ असणं हाच गुन्हा आहे. तिथला १९६८ चा बंदुकांचा कायदा त्याला बंदी असलेल्या शस्त्रांत धरतो. चोराला घाबरून घेतलेल्या वस्तूपायी आपणच पोलीस ठाण्यात जाऊन बसायचं, असा प्रकार व्हायचा. दाराचा अलार्म हवा तर घ्या, हाताच्या तळव्यावर मावतो. पैशांचा पट्टा कपड्यांच्या आत राहणार असेल आणि दिवसभरात त्याला हात लावावा लागणार नसेल, तरच कामाचा. भर गर्दीत शर्ट वर करून नोटा काढणारा माणूस सगळ्यांच्याच नजरेत भरतो. त्या दिवसापुरते पैसे वेगळे, हाताशी ठेवा. बाकीचे आत.

व्हिडिओ खोटे नसतात. पण ते जे विचित्र आहे तेच दाखवतात, आणि जे वारंवार घडतं ते बघायला कोणी बसत नाही. तुमचं पत्र वाचताना मी थबकले ती ‘सगळं हेच बघतात’ या वाक्याशी.

असा विचार करा. तुम्हा दोघांपैकी मधुमेह कोणाला, रक्तदाब कोणाला? म्हणजे परदेशात दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर ती कोणावर येण्याची शक्यता जास्त? आणि त्या वेळी विम्याचा नंबर कुठे असेल? त्यांच्या फोनमध्ये. फोन कुठे असेल? त्यांच्या खिशात, त्यांच्या अंगठ्याशिवाय न उघडणारा. पैसे भरायला गेलात तर बँकेचा ओटीपी त्याच फोनवर. हॉटेलचं नाव तुम्हाला अर्धवट आठवतंय, पत्ता तर नाहीच. मुलाचा नंबर फोनमध्ये ‘मुलगा’ म्हणून सेव्ह आहे, आकडे कधी पाठ केलेच नाहीत. यात एकही चोर आलेला नाही, तरी तुम्ही अनोळखी शहरात हात बांधल्यासारख्या बसलेल्या असाल. ते पूर्ण ठणठणीत राहिले आणि नुसता फोन गर्दीत गेला, तरी दोघांची अवस्था तीच.

म्हणून निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी एक संध्याकाळ राखून ठेवा. यजमानांनी फोन बंद करून कपाटात ठेवायचा आणि तोंडही बंद ठेवायचं. दुसरं त्यांना जास्त जड जाईल. तुम्ही कागद-पेन घेऊन बसायचं आणि एकेक गोष्ट स्वतः करून बघायची. पहिल्या हॉटेलचा पत्ता शोधा. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा मदतीचा नंबर शोधा. तुमच्या नावाच्या कार्डाने काहीतरी विकत घेऊन बघा. तुमच्या नावाचं कार्डच नसेल तर ते त्या संध्याकाळीच कळेल, आणि ते यायला वेळ लागतो म्हणूनच तीन आठवडे म्हणाले. मग दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून ईमेल उघडायचा प्रयत्न करा. इथे बहुतेकांची गाडी अडते. पासवर्ड बरोबर असतो, पण ईमेल म्हणतं, ‘तुमच्या फोनवर कोड पाठवला आहे, तो टाका.’ तो फोन तर हरवलेला आहे! तिकिटं, बुकिंग, विम्याचे कागद सगळे ईमेलमध्ये आणि ईमेलची किल्ली हरवलेल्या फोनमध्ये. यावर उपाय सोपा आहे. बऱ्याच ईमेल सेवा असे एकदाच वापरायचे जादा कोड काढून देतात. ते कागदावर उतरवा आणि दोघांच्या सामानात एकेक प्रत ठेवा.

सिमचंही त्याच संध्याकाळी ठरवा. परदेशात पोचल्यावर स्वस्त म्हणून तिथलं सिम घालतात, जुनं काढून पाकिटात टाकतात, आणि मग कार्ड वापरायला जावं तर ओटीपी पाकिटातल्या सिमवर. दोन सिमचा किंवा ई-सिमचा (म्हणजे कार्ड न घालता चालणाऱ्या सिमचा) फोन असेल तर जुना नंबर चालू ठेवून नव्या सिमवर इंटरनेट घेता येतं. जुन्या नंबरवर परदेशात मेसेज येतील का, हे कंपनीला आधीच विचारून घ्या. तुमच्या फोनमध्येही तिकिटं, व्हिसा, पासपोर्टचे फोटो, नकाशे असू द्यात. नकाशे तर इंटरनेट नसतानाही उघडतील असे आधी उतरवून ठेवता येतात. कार्डं दोन वेगळ्या खात्यांची, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. जेवायला जातानाही दोन्ही एकाच पिशवीत नकोत.

आणि एक कागद. खरा, घडी घालून ठेवायचा. त्यावर तुमच्या मुलाचा नंबर देशाच्या कोडसकट, विमा पॉलिसीचा आणि मदतीचा नंबर, कार्ड बंद करायचे बँकेचे नंबर, प्रत्येक देशातल्या आपल्या दूतावासाचा पत्ता आणि फोन, हॉटेलांचे पत्ते तिथल्या लिपीत. हॉटेलचा पत्ता आपल्या उच्चारात सांगून टॅक्सीवाल्याला कळत नाही, लिहिलेला दाखवला की कळतो. त्या-त्या देशाचा आणीबाणीचा नंबरही लिहा. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११९, दोन्ही वेगळे. घाबरलेल्या अवस्थेत हे आठवत नाही.

आता औषधं. तुमच्या प्रवासात हा भाग मला सगळ्यात नाजूक वाटतो, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त ओघात आलाय. देशांची नावं तुम्ही दिली नाहीत, म्हणून उदाहरणं देते. झोपेच्या काही गोळ्या, काही वेदनाशामकं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं ही अनेक देशांत नियंत्रित औषधं असतात. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. जपानमध्ये स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली सर्दीची गोळी नेताच येत नाही, मग ती आपल्याकडे कितीही सहज मिळत असो. म्हणून तिन्ही देशांच्या दूतावासांच्या संकेतस्थळांवर झोपेच्या गोळीचं नाव घालून तपासा. मधे विमान बदलायला थांबणार असाल तर तो देशही धरा. डॉक्टरांकडून सहीशिक्क्याची चिठ्ठी घ्या, तिच्यात गोळीचं मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली हवी. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्यात. वारांच्या डबीत काढून ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या कसल्या आहेत हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला कसं कळणार?

किती न्यायच्या? मुक्कामाला लागतील त्याच्या दुप्पट, असं सरसकट सांगितलं जातं, आणि विमान रद्द झालं की ते बरोबरही ठरतं. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर बसवली, तेव्हा मोजून गोळ्या नेलेल्यांचे हाल झाले असणार. पण इथेही नियम बघावे लागतात. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याहून जास्त पुरतील एवढी न्यायची तर आधी मंजुरी लागते. तुमचे तीन आठवडे दुप्पट केले की सहा होतात. तेव्हा आधी मर्यादा विचारा, मग आकडा ठरवा. सगळा साठा हातातल्या बॅगेत, आणि दोघांच्या बॅगांत अर्धा-अर्धा.

औषधांची नावंही देशागणिक बदलतात. मधुमेहावरची ग्लिबेनक्लामाइड अमेरिकेत ग्लायब्युराइड नावाने ओळखली जाते, पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन होतं. कंपनीचं नाव तर कुठेच चालेल असं नाही. म्हणून त्या कागदाच्या मागच्या बाजूला यजमानांच्या सगळ्या औषधांची मूळ नावं, मात्रा, वेळा आणि कशाची ॲलर्जी आहे ते लिहा. साखरेच्या आकड्यांचंही असंच. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या एककात मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिथला आकडा येतो. आपली १८० तिथे १०, आणि जिच्याखाली गेली की साखर कमी म्हणतात ती ७० तिथे ३.९. तिथल्या नर्सने ‘दहा’ म्हटलं आणि तुम्ही इथल्या हिशेबाने ऐकलं, तर तुमचीच शुद्ध हरपेल.

साखर उतरली की माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या देतो. परक्या रस्त्यावर बघणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो, आणि मदत करू शकणारा माणूस वळसा घालून निघून जातो. त्यांच्या खिशात ‘मला मधुमेह आहे, शुद्धीत असेन तर गोड काहीतरी द्या, नसेन तर रुग्णवाहिका बोलवा’ एवढं तिथल्या भाषेत लिहिलेलं कार्ड हवं, आणि तुमच्या पिशवीत साखर कायम. वेळेच्या फरकामुळे गोळ्या कधी घ्यायच्या, हे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या अंदाजाने एक मात्रा गाळू नका की दोनदा देऊ नका. आणि विमानात झोपेची गोळी नको, असं माझं मत. चार तासांहून लांब प्रवासात पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी घेऊन एकाच अंगावर सात तास पडून राहण्यापेक्षा अधूनमधून उठून दोन फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

विमा काढलाच असेल. एवढंच बघा की त्यात मधुमेह आणि रक्तदाब जाहीर केलेले आहेत. हप्ता वाढेल म्हणून ‘काही आजार नाही’ असं टिकमार्क केलेलं असेल तर ती पॉलिसी नेमकी तुमच्या कामाच्या वेळी निकामी ठरते. शेंगेन देशांच्या (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा मागतात, रुग्णाला मायदेशी आणण्याच्या खर्चासकट. ही किमान रक्कम आहे, पुरेशी असेलच असं नाही. रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर जिवावरचा प्रसंग सोडता आधी विम्याच्या मदत क्रमांकावर फोन. तो तुम्हालाही करता आला पाहिजे.

पासपोर्टचं थोडक्यात. अनेक देशांना तो पोचल्यापासून सहा महिने वैध लागतो. शेंगेनला परतीच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, पण तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. ‘पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, झेरॉक्स घेऊन फिरा’ हा सल्ला सगळीकडे लागू नाही. जपानमध्ये पर्यटकाने मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग दूतावास. ते तात्पुरता प्रवास-दाखला देतात. आणि तक्रार केल्यानंतर तोच पासपोर्ट बॅगेच्या अस्तरात सापडला तर आनंदाने वापरायला जाऊ नका. हरवलेल्या पासपोर्टांची नोंद इंटरपोलच्या यादीत जाते, आणि सीमेवर तुम्ही स्वतःचाच ‘चोरीचा’ पासपोर्ट दाखवत असाल.

दूतावासाबद्दल लोकांच्या कल्पना फार मोठ्या असतात. ते तुमचं बिल भरत नाहीत, खटला लढत नाहीत, तुरुंगातून सोडवून आणत नाहीत. पण अटक झालीच तर ‘माझ्या दूतावासाला कळवा’ असं सांगायचा हक्क आहे, आणि १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार ते विनाविलंब कळवणं तिथल्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. प्रवासाआधी दूतावासाकडे नाव नोंदवायची सोय असेल तर नोंदवून टाका. भूकंप, दंगल, पूर काहीही झालं तर तुम्ही तिथे आहात हे त्यांना ठाऊक असेल. आणि विमानतळावर कोणीही, कितीही गयावया करून, ‘माझं एवढं पार्सल घेऊन जा’ म्हणालं तर नाही म्हणायचं. माणूस आपल्याच भाषेत बोलत असला तरी. सिंगापूरसारख्या देशात १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे, आणि पार्सलमध्ये काय होतं ते मला माहीत नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता तुमच्या मुलाच्या व्हिडिओंत बहुधा नसलेली गोष्ट : रस्ता ओलांडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११.९ लाख माणसं गेली, आणि निरोगी अमेरिकी प्रवाशांच्या परदेशातल्या मृत्यूंत वाहन अपघातांचा क्रमांक वरचा असल्याचं तिथली रोग नियंत्रण संस्था सांगते. जिथे वाहनं आपल्या सवयीच्या उलट बाजूने चालतात तिथे मान चुकीच्या दिशेला वळते आणि पाय पुढे पडलेला असतो. लंडनमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण उलट सवयीच्या पाहुण्यांसाठी तिथल्या रस्त्यांवर पांढऱ्या अक्षरांत ‘लुक राइट’ (उजवीकडे बघा) रंगवलंय, ते उगीच नाही. तेव्हा दोन्हीकडे बघायचं, एकेरी रस्त्यावरसुद्धा. टॅक्सीत मागच्या सीटवरही पट्टा. टॅक्सी ॲपवरून मागवली असेल तर गाडीचा नंबर जुळवा आणि ड्रायव्हरला ‘तुम्ही कोणाला न्यायला आलात?’ असं विचारा. आपलं नाव त्याने सांगायचं, आपण त्याला सांगायचं नाही.

तोतया पोलिसाचा उपाय एका वाक्यात मावतो : ‘चला, ठाण्यात जाऊन दाखवतो.’ पाकीट रस्त्यावर कोणाच्याही हातात द्यायचं नाही. हॉटेलात रात्री खोलीतला फोन वाजला आणि ‘रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचं कार्ड चाललं नाही, नंबर पुन्हा सांगा’ असं कोणी म्हणालं तर ठेवून द्या आणि स्वतः खाली जा. खोलीत शिरल्यावर एकदा बाहेर येऊन आगीच्या जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते मोजा. धुरात काही दिसत नाही, हाताने दारं मोजत जावं लागतं. समुद्रावर लाल-पिवळे झेंडे ज्या दोन टोकांना असतील त्यांच्या मधेच उतरा, तिथे जीवरक्षकांचं लक्ष असतं. पाणी अचानक नेहमीपेक्षा खूप आत ओढलं गेलं तर फोटो काढत उभं राहायचं नाही, उंचावर पळायचं. २००४ च्या त्सुनामीत अनेक किनाऱ्यांवर लाटेआधी समुद्र असाच मागे हटला होता.

सोडून द्यायच्या काळज्याही विचारल्यात. विमान पडेल ही सोडा. कॅफेतल्या वायफायवरून कोणी खातं रिकामं करेल, ही बरीचशी सोडा. बँकेचे व्यवहार तेवढे आपल्या मोबाइल डेटावर करा. माणसांची भीती तर सोडाच. रस्ता चुकलेल्या साठीच्या जोडप्याला मदत करणारे कुठल्याही देशात भेटतात. मदत आपण निवडलेल्या माणसाकडे मागायची, दुकानातल्या बाईकडे, मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबाकडे, एवढंच.

‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या यजमानांशी वाद घालू नका. त्या संध्याकाळी ते समोर बसून गप्प राहतील आणि तुम्हाला काय-काय सापडत नाही ते बघतील, तेवढं पुरेल. आणि प्रवासात एक दिवस त्यांचा, एक तुमचा असं ठरवा. तुमच्या दिवशी गाडी तुम्ही शोधायची, पैसे तुम्ही द्यायचे, रस्ता तुम्ही विचारायचा. पहिल्या आठवड्यात चुकीच्या बसमध्ये बसाल. बसा.

मुलाला मात्र एक काम द्या, म्हणजे त्याचे व्हिडिओ थांबतील. रोज एका ठरलेल्या वेळी, हॉटेलात परतल्यावर, तुम्ही एक ओळीचा निरोप पाठवायचा. तो आला नाही तर पहिले तीन तास त्याने काहीच करायचं नाही. फोनची बॅटरी संपते, माणसं जेवायला रेंगाळतात. त्यानंतर तुम्हा दोघांना फोन, मग हॉटेलला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही पत्ता लागला नाही तर दूतावासाला. त्यासाठी तुमच्या त्या कागदाची एक प्रत त्याच्याकडे हवी. वेळ ठरवताना दोन्ही देशांतलं घड्याळ बघून ठरवा, नाहीतर पहिल्याच रात्री तो पहाटे तीनला तुमच्या निरोपाची वाट बघत बसेल.